दुधाबरोबरची गोळी

विश्वजितने खिशातून कागदाची पुडी काढली आणि डॉक्टर संयोगिताबाईंच्या टेबलावर उघडली. आत अर्धवट विरघळलेली बारकी गोळी होती.

"बघा मॅडम. मोरीत सापडली. मी दिलेली गोळी थुकतीया ही!"

शेजारी त्याची बायको वर्षाराणी खाली मान घालून बसली होती. चौथा महिना चालू होता. मागचं पोर चौथ्यातच गेलं होतं, त्यामुळे थायरॉईडच्या या गोळीवर विश्वजितचा सगळा भरवसा. पण दीड महिन्यापूर्वी रिपोर्टचा आकडा उतरायच्या ऐवजी चढला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. ही गोळ्या टाकून देते. हिला पोर नकोच असणार.

तेव्हापासून त्याने पहारा बसवला. बाटली स्वतःच्या खिशात. पहिल्यासारखंच रोज आठला गंगावेशीहून म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं, पण आता गोळी स्वतः तिच्या हातावर ठेवायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हलायचं नाही. तरी संशय जाईना. ही पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करी. तो खाकरला की दचके. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आज तर मुद्देमालच हाती लागला होता.

संयोगिताबाईंनी नवा रिपोर्ट वाचला. परत वाचला. "आकडा अगदी जागेवर आलाय. बाळही छान वाढतंय. गोळी कशाबरोबर देता?"

"दुधाबरोबर! अंगाला लागाय नको व्हय?"

"अहो, दुधाबरोबर ही गोळी रक्तात नीट उतरत नाही. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. मी सांगितलं होतं." बाई कोड्यात पडल्या. "मग आकडा उतरला कसा?"

वर्षाराणीने पहिल्यांदा मान वर केली.

"दोनदा सांगितलं ह्यास्नी. म्हणालं, दूध टाळायला निमित्त काढतीस. मग मेडिकलातनं दुसरी बाटली आणली. पहाटं चारला उठून पाण्यासंगं घेतो." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "एका दिसात दोन गोळ्या बाळाला बाधतील, म्हणून तुमची तेवढी थुकतो."