वर्गाचं मत

शिकागोतल्या त्या शाळेवर ‘मुलांना करू द्या, ठरवू द्या’ म्हणणाऱ्या तत्त्वज्ञाचा पगडा होता. मुलं स्वतः पाव भाजत आणि तंटेही हात वर करून मतानं मिटवत. बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही, हा दंडक.

आज वॉरन उठला. “ब्रोन्याला पिठात हात घालू द्यायचा नाही. तिचा बाप कत्तलखान्यात आहे, तिच्या अंगाला वास येतो. पटत असेल तर हात वर करा.”

भराभर हात वर झाले. ऑल्ड्रिचबाई मुठीतला खडू चुरत राहिल्या. पण ब्रोन्याचाही हात वर दिसला, तेव्हा त्यांना राहवेना.

“ब्रोन्या, तू हात खाली घे बाळा.”

“का, बाई?” ब्रोन्यानं विचारलं. “मी या वर्गातली नाही?”