बंदोबस्त

जमीन खोटी साक्ष देत नाही, असं न्यायाधीशसाहेबांचं ठाम मत होतं. अर्थात, निवृत्त होईपर्यंत त्यांनी साध्या कुंडीतही कधी हात घातला नव्हता.

पाऊस सरला, उन्हाचा चटका कमी झाला, आणि साहेबांनी मागच्या अंगणात वाफे केले. थंडी इथे नावापुरतीच पडायची. पालेभाजीला याहून चांगला हंगाम नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मेथी उगवली, पालक उगवला, मुळ्यानंही मान वर काढली. कोथिंबिरीचा वाफा मात्र तुळतुळीत राहिला, थेट साहेबांच्या टकलासारखा.

त्या वाफ्यात शेजारच्या शिवणवालीची कोंबडी, ठिपकी, फिरताना सापडली. मातीत पंजे उमटले होते, एक पीसही पडलं होतं. आरोपी, ठसे आणि मुद्देमाल, सगळं एकाच जागी. साहेबांनी कुंपणाच्या भिंतीवरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "बाई, तुमच्या कोंबडीनं माझा वाफा फस्त केलाय. तिचा काहीतरी बंदोबस्त करा!" शिवणवाली मान खाली घालून म्हणाली, "करते, साहेब." त्यानंतर ठिपकी दिसली नाही.

आज सकाळी साहेब पुन्हा पेरण्यासाठी धणे घ्यायला स्वयंपाकघरात आले. फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. त्यांनी डावीकडची उचलली.

"ती नको," बायको भांडी विसळता विसळता म्हणाली. "ते भाजलेले आहेत."

"कधीपासून?"

"आपलं लग्न झाल्यापासून. त्या बरणीत भाजलेलेच असतात. का हो?"

साहेबांनी झाकण उघडलं. मागच्या वेळीही असंच उघडलं होतं. दोन्ही बरण्यांचा वास घेतला होता, आणि जे खमंग तेच कसदार, असा न्याय करून डावीकडचे धणे निवडले होते. मग ते चपलेखाली हलक्या पायानं रगडले होते, पाण्यात भिजवले होते. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे.

"अहो, तुम्ही भाजलेले धणे पेरलेत?" बायकोच्या हातातलं भांडं थांबलं. तिचे खांदे हलायला लागले. पण हसता हसता तिनं भांडं खाली ठेवलं. "आणि त्या बिचाऱ्या कोंबडीला एवढं बोललात!"

"मी तिच्या मालकिणीला बोललो."

"मग मालकिणीलाच सांगा जाऊन."

"संध्याकाळी सांगतो."

"आत्ता. आणि गल्लीला ऐकू जाईल असं. तेव्हा बरा आवाज चढला होता."

साहेबांनी आयुष्यभर लोकांना निकाल ऐकवले होते. एखादा चुकलाच, तर वरचं कोर्ट बघून घ्यायचं. आज वरचं कोर्ट ओल्या हातांनी मोरीपाशी उभं होतं.

भिंतीपलीकडे शिवणवाली पडवीत मशीन चालवत बसली होती. साहेब भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"काही उसवलंय का, साहेब?" तिनं मान वर न करता विचारलं.

"हो. म्हणजे, नाही. बाई, ते कोथिंबिरीचं... माझी चूक झाली."

"काय म्हणालात? मशीनचा आवाज आहे."

"माझी चूक झाली!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. आता माघार नव्हती. "धणे भाजलेले होते," साहेब म्हणाले. "तुमच्या कोंबडीनं काही खाल्लं नाही. तिथं काही उगवणारच नव्हतं."

मशीन थांबलं. "मग ती वाफ्यात काय करत होती?"

"नुसती चालली असेल."

"चालायचंच," शिवणवाली म्हणाली, आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

समोरची खिडकी काही बंद होईना. पण सगळं बोलून टाकल्यावर साहेबांना जरा हलकं वाटलं. हलकं वाटलं की माणूस उदार होतो. "आता तिला सोडा," ते म्हणाले. "मोकळी फिरू द्या. आमच्या वाफ्यात आली तरी मी हुसकणार नाही. उलट दाणे टाकत जाईन."

शिवणवाली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"साहेब, तुम्ही बंदोबस्त करा म्हणाला होतात."

"म्हणजे बांधून ठेवा, असं."

"मग तसं म्हणायचं. कोर्टातला एवढा मोठा माणूस बंदोबस्त करा म्हणतो, तेव्हा आम्ही काय समजायचं?" तिनं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "चांगली अंडी देत होती. पण म्हटलं, शेजाऱ्याच्या मनात राग नको. म्हणून तर रविवारी डबा पाठवला. साहेबांना रस्सा फार आवडला, असं वहिनी सांगत होत्या."

रस्सा साहेबांनी दोनदा वाढून घेतला होता. शेजारीण निकाल विसरून डबा पाठवते, याला मोठं मन म्हणतात, असं बोटं चाटता चाटता म्हणालेही होते.

"डबा तेवढा द्या, रिकामा झाला असेल तर," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

डबा घासून ओट्यावर पालथा ठेवलेला होता. हाडं कोथिंबिरीच्या वाफ्यात होती. हाडांचं खत भाजीला चांगलं, म्हणून साहेबांनी ती स्वतःच्या हातानं पुरली होती.