खरवडलेलं लेबल

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला कसलाही आजार नाही," बाबांनी हृदयतपासणीच्या खोलीत ठणकावलं तेव्हा आठवी पिढी, वय वर्षे नऊ, शाळेतल्या शर्यतीला लागणाऱ्या तब्येतीच्या दाखल्यासाठी मोजे काढून, छातीला-पायांना वायरी लावून समोरच पडली होती. तंत्रज्ञ बाईंनी कागदाची पट्टी न्याहाळली. "ठोक्यांत फरक दिसतोय. हे हृदयाचं की औषधाचं, कळायला हवं. काही गोळ्या चालू आहेत?" "शक्तीच्या," बाबा बाटली दाखवत म्हणाले. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून लेबल त्यांनीच ब्लेडने खरवडलं होतं. "मावशी, त्या आकडीच्या गोळ्या आहेत," म्हणत लेकीने औषधाचं जोडाक्षरी नाव घडाघडा सांगितलं. "बाबा विसरतात, म्हणून मीच पाठ केलंय." बाईंनी लिहून घेतलं आणि वायरी सोडवल्या. बाबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माफीचं भारदस्त वाक्य ते जुळवत होते, तेवढ्यात लेकीने पाय पुढे केला. "बाबा, मोजा घाला ना, पाय गारठलाय."