दाभण

कोरीट गावच्या होळीत पार्वतीबाईंच्या दाभणाने डोळा टोचल्याशिवाय एकही नारळ विस्तवात पडत नसे. बिनटोचलेला नारळ तापून फुटला आणि त्यांच्या नवऱ्याचा डोळा गेला, त्याला आता दहा वर्षं झाली होती. “नारयमा वाफ कोंडाई जास, मंग ती कोनलेबी सोडस नही,” त्या दरवर्षी पोरांना बजावत.

यंदा घर झाडून निघालेलं अडगळीचं पोतंही त्यांनी होळीच्या तळाशी घातलं होतं. होळी पेटली. शेवटचा नारळ टोचून त्यांनी पोरांना पुढे बोलावलं, “या रे, आते काहीच भ्याव नही.” पोरं जाळापाशी सरकली.

तेवढ्यात सून मोहिनी धावत आली.



“आत्या, खाटखालना त्या पोतामा मच्छरना स्प्रेना भरेल डबा व्हता. काढी लिधा ना?”