डोळ्यांची आखणी

"पोरीला साचे कशाला?" म्हणत बाबांच्या माघारी दादाने गणपतीचा सगळा कारखाना स्वतःकडे ठेवला. त्याच महिन्यात नवऱ्याची कंपनी बंद पडली. साचे नव्हते, म्हणून मी पडवीत बसून शाडूच्या मूर्ती हातानेच घडवायला लागले. प्रत्येकीचा चेहरा वेगळा व्हायचा. लोकांना तेच आवडलं. आता होळीआधीच माझ्या मूर्ती नोंदवून संपतात.

यंदा पाडव्याला दादा स्वतः आला. "घरी पुजायला तुझ्या हातची मूर्ती हवी. रंगाचं मी बघतो." मला भरून आलं. माझी सगळ्यांत देखणी मूर्ती मी त्याला दिली, पैसे घेतले नाहीत.

श्रावणात त्याचा निरोप आला, "डोळे आखायला कारागीर मिळत नाही, ये." मी गेले. कारखान्यातल्या सगळ्या फळ्यांवर तीच मूर्ती ओळीने बसली होती, डोळ्यांविना.

"बाबा असताना आखायचीस तसे आख," दादा म्हणाला. "डोळे काही साच्यातून येत नाहीत."

"घरी पुजायला नेलेली कुठाय? आधी तिचे आखते."

"ती साचा काढताना फुटली गं," तो रंग ढवळत म्हणाला.

मी ब्रश त्याच्या डब्यावर आडवा ठेवला आणि चपला घातल्या.