पालथा रांजण

सिद्धोधनची तीस वर्षं राजस्थानच्या वाळवंटात जुन्या वस्त्या उकरण्यात गेली. वाळूखालच्या एखाद्या घरात पालथा घातलेला रांजण निघाला, की तो विद्यार्थ्यांना सांगायचा, "ही माणसं परत यायचं म्हणून गेली होती. कायमचा जाणारा माणूस रांजण तसाच टाकून जातो."

"मग आली का, सर?"

"आली असती तर तो आपल्याला पालथा सापडला असता का?"

रिटायर झाल्यावर तो पालम तालुक्यातल्या आपल्या गावी आला. बारा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा लावलेलं कुलूप तेल सोडल्याशिवाय उघडेना. आत सगळ्यावर बोटभर धूळ. तो दमून उंबऱ्यातच टेकला. शेजारच्या तानुबाईनं कोपऱ्यातला रांजण उचलून सुलटा केला, पदरानं पुसला.

"आता हितंच ऱ्हायचं न्हवं, बाबा? पानी भरून ठिवते."

"ऱ्हाऊ दे मावशी. लेकीकडं पुण्याला जायलोय. एप्रिलात जयंतीला येतोच की."



कुलूप लावायच्या आधी त्यानं रांजण पुन्हा नीट पालथा घातला.