सहावी पाचर

हातमागाच्या पुढच्या डाव्या पायाखाली सहा पाचरी होत्या. प्रत्येक पेन्सिलीच्या जाडीची. खालच्या चार धुळीनं काळपट पडलेल्या, वरच्या दोन पांढऱ्या, नुकत्या तासलेल्या. थोरलीनं वाकून पुन्हा मोजल्या. सहाच.

ती दर वर्षी एकाच दिवशी येऊन विणणाऱ्या बापाचा एक फोटो काढायची. कॅमेऱ्याचं स्टँड कुठं ठेवायचं त्याची खूण म्हणून तिनं जमिनीत खिळा ठोकला होता. यंदा या फोटोंचं पुस्तक निघणार होतं, म्हणून आधीचे अकरा फोटो तिनं पहिल्यांदाच न कापता छापून आणले होते. एरवी प्रदर्शनात लावताना ती खालची कड कापून टाकायची. मागाचा तो पाय उगाच मध्ये येतो, असं तिला वाटायचं. लोक बाबांचे हात बघत. कुणी फोटोतल्या उघड्या दारातून बाहेर बघे. आधी शेतं, मग रस्ता, मग रुंद रस्ता. पायाकडे कोण कशाला बघतंय?

तिनं अकरा फोटो खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले. पहिली सात वर्षं पायाखाली काही नव्हतं. आठव्या वर्षी घराखालचा डोंगर कापून रस्ता काढला. त्या वर्षी एक पाचर. पुढच्या वर्षीही एकच, मग दोन, मग तीन. आज सहा. आकडे तिनं मनात आलेखासारखे मांडले. रेषा बराच वेळ आडवी चालली, मग चढली आणि शेवटी उभीच राहिली.

"बाबा, ही सगळ्यात वरची कधी घातलीत?"

"सकाळी." आडवं सूत नेणारा धोटा थांबला नाही.

"आणि तिच्या खालची?"

"काल." दोन फेऱ्या विणून झाल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळी."

दाराशी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या आईनं मान वर केली नाही. "चार दिवस माझ्यामागं लागलेत, चष्मा शोध, सूत वाकडं दिसतंय म्हणून. सूत कसलं वाकडं? घर वाकडं झालंय. पण टेकू कुणाला, तर मागाला."

बाबा हसले. घर त्यांच्याच वयाचं आहे, थोडं वाकणारच, असं काहीतरी म्हणाले. हा विनोद थोरलीनं मागच्या वर्षीही ऐकला होता, आणि तेव्हा तीही हसली होती.

घर सोडायला बाबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. भावानं शहरात दोन खोल्या बघून ठेवल्याला दोन वर्षं झाली. "हा ताणा संपू दे, मग बघू," एवढंच ते म्हणत. पण ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपायला हातभर उरला, की ते दिवसभर बैठक मारून नव्या ताण्याची एकेक तार जुन्याच्या टोकाला सांधत. माग कधी मोकळा होतच नसे. आत्ताही नव्या ताण्याचं गाठोडं कोपऱ्यात तयार होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून वहिनी आली. तिनं पाचरींचं बोलणं ऐकलं असावं. स्वतःचीच काही चूक झाल्यासारखी ती हळू आवाजात सांगू लागली. सकाळी आतलं दार अडकून बसलं होतं. बाळ आत झोपलेलं आणि ती बाहेर. शेवटी खांदा लावून उघडावं लागलं. पावसानं लाकूड फुगलं असेल, असं तिला वाटलं.

पाऊस थांबून महिना झाला होता.

आईनं कांडी खाली ठेवली. आत जाऊन झोपलेलं बाळ दुपट्यासकट उचलून आणलं आणि वहिनीच्या हातात दिलं. वळणापलीकडे मास्तरांच्या घरी जाऊन बस, म्हणाली. वर बजावलं, काही विसरलं तरी माघारी यायचं नाही, दुधाची बाटलीसुद्धा घ्यायला यायचं नाही. वहिनी चपला न घालताच निघाली.

बाबा विणत होते.

टक्. डाव्या कडेची एक तार तुटली. बाबांनी धोटा थांबवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि न बघताच गाठ मारली. गाठ ओढेपर्यंत शेजारची तार तुटली. मग त्यापलीकडच्या दोन, एकदमच. मागाला कुणी हात लावला नव्हता. खालची जमीन सरकत होती आणि चौकटच पिळवटत होती.

बाबांची बोटं तशीच हवेत राहिली. याच हातांसमोर लोक प्रदर्शनात थांबून राहत. कॅमेरा तिच्या गळ्यात होता. तिनं त्याला हात लावला नाही.

पुढची तार तुटली. ती सांधायला बाबा वाकले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागाच्या त्या पायाकडे पाहिलं, सहाही पाचरी मोजाव्यात इतका वेळ.

"कात्री," ते म्हणाले.

आईच्या हातात ती आधीच होती. तिनं पुढे केली. बाबांनी घेतली आणि थोरलीच्या हातात दिली. चाळीस वर्षांत त्यांनी एकही ताणा मधून कापला नव्हता.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू काप, थोरले. इथून, मधूनच." ते मागावरून उठले. "आज निघायचं."